सोसायटीच्या भाजीबागेला खरंच ३ किलोवॉट सोलर लागतं का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. पुण्यात सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, साधारण ४ गुंठ्यांत, १८ घरं मिळून भाजीपाला करताय. पाणी म्हणजे क्लबहाऊसच्या छतावरचं पावसाचं पाणी जिथे जातं ती १०,००० लिटरची जमिनीतली टाकी, उन्हाळ्यात त्यात एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं) पाणी सोडतात. बागेत लाइट नाही, बादल्यांनी पाणी घालून सगळे वैतागलेत. एका व्हेंडरने ३ किलोवॉट पॅनेल, ३ केव्हीएचा इन्व्हर्टर, १५० एएचच्या ४ बॅटऱ्या आणि १ एचपीची मोटर असं मिळून पावणेतीन लाखांचं कोटेशन दिलंय, वर "पुढे श्रेडर (फांद्यांचा चुरा करणारं यंत्र) पण चालेल, रात्रीचे दिवे पण लागतील" असं सांगितलंय. आणि तुम्ही विचारताय की ३ घ्यावं की आत्ताच ५ किलोवॉट करून टाकावं, म्हणजे पुढचं टेन्शन नको.

मी सोलरचंच काम करतो, शेतीपंप आणि बागांची छोटी कामं जास्त, तर माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो की तुमचा प्रश्न किलोवॉटचा नाहीच. तुम्हाला टाकीतलं पाणी वाफ्यांपर्यंत न्यायचंय, रोज, कुणी बादली न उचलता. एवढंच काम आहे. त्याला वीज किती लागते हे आधी बघू, मग पॅनेल किती ते आपोआप कळतं.

त्याआधी एक गोष्ट, जी तुम्ही लिहिलेली नाही आणि सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. सोसायटीचा कॉमन मीटर बागेपासून किती लांब आहे? क्लबहाऊस जवळच आहे म्हणताय, तिथे लाइट असणारच. ते जर ५०-६० मीटरच्या आत असेल आणि मधे रस्ता किंवा पेव्हर ब्लॉक उकरावे लागत नसतील तर सरळ आर्मर्ड केबल टाका, ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावा, अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक मोटर बसवा आणि विषय संपवा. रोज अर्धा-पाऊण तास मोटर चालली तर महिन्याला १०-१२ युनिट, म्हणजे शे-दीडशे रुपये बिल. यापेक्षा स्वस्त सोलर मी तुम्हाला देऊ शकत नाही आणि दुसरं कुणी देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. सोलरवरच खर्च करायची हौस असेल तर ते पॅनेल बिल्डिंगच्या गच्चीवर, कॉमन मीटरला नेट मीटरिंग (जादा वीज ग्रीडला देऊन बिलातून वजा) करून लावा, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपांचं बिल कमी होईल, बाग त्यातच चालेल. पण केबल नेणं खरंच अवघड असेल, किंवा कमिटीत "बागेचं बिल सगळ्यांनी का भरायचं" अशी कुरबुर असेल (असते, मला माहितीये), तर बागेचं स्वतंत्र छोटं सोलर हा चांगला मार्ग आहे. पुढचं सगळं ते धरून लिहितोय.

आता त्या कोटेशनचं. व्हेंडर फसवतोय असं मी म्हणणार नाही, त्याने हिशोब उलट्या बाजूने केलाय. सवयीने १ एचपीची एसी मोटर धरली. ती चालताना साधारण ११०० वॉट ओढते, पण चालू होतानाचा झटका त्याच्या ४-५ पट असतो, तो झटका पेलायला ३ केव्हीएचा इन्व्हर्टर आला, इन्व्हर्टर आला म्हणून ४ बॅटऱ्या आल्या, बॅटऱ्या भरायच्या म्हणून ३ किलोवॉट पॅनेल आले. प्रत्येक पायरी बरोबर आहे, फक्त पहिली पायरीच गरज न बघता धरलीय. आणि गंमत बघा, ती मोटर तुमचं दिवसभराचं पाणी पाऊण तासात वर चढवेल आणि उरलेले सव्वातेवीस तास हे सगळं सामान नुसतं बसून राहणार, त्यात बॅटऱ्या मात्र बसल्या बसल्याही म्हाताऱ्या होतात. लेड अॅसिड असतील तर ४-५ वर्षांत बदलाव्या लागतात, आजच्या भावाने पन्नास हजारांच्या वर जातात, आणि त्या वेळी १८ घरांकडून वर्गणी कोण गोळा करणार हा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय, कारण बंद पडलेल्या बागांमधे मला पॅनेल खराब झालेले क्वचित दिसतात, बॅटऱ्या मेलेल्या आणि वर्गणी थकलेली नेहमी दिसते.

तर पाण्यापासून सुरू करू. ४ गुंठे म्हणजे साधारण ४०० चौरस मीटर. त्यात येण्याजाण्याच्या वाटा, कंपोस्टची जागा, अवजारांची खोली, कडेची झाडं वजा करा, प्रत्यक्ष वाफे निम्मेच असतात, २०० चौरस मीटर धरू. पुण्यात एप्रिल-मे मधे भाजीपाल्याला दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिमीटर पाणी लागतं आणि १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, इतकं सोपं आहे ते. म्हणजे २०० चौरस मीटरला कडक उन्हाळ्यात बाराशे-चौदाशे लिटर. गळती, कुणीतरी कॉक उघडा ठेवला, कुणाला जास्त पाणी घालायची सवय, सगळं धरून २००० लिटर म्हणा. हिवाळ्यात याच्या निम्मं. पावसाळ्यात मधे उघडीप पडली तरच.

हे २००० लिटर किती उंच चढवायचंय? जमिनीतल्या टाकीतलं पाणी तळाला गेल्यावर ३ मीटर खाली, वर एक नवी टाकी ठेवायची (का ते पुढे सांगतो) ती ४ मीटरवर, त्या टाकीची स्वतःची उंची मीटरभर, पाइपातलं घर्षण दीड-दोन मीटर. १० मीटर हेड (म्हणजे एकूण चढ) धरू. १००० लिटर पाणी १० मीटर चढवायला निव्वळ ऊर्जा लागते २७ वॉट-तास. हो, फक्त २७. २००० लिटरला ५४-५५. छोट्या पंपाची कार्यक्षमता वाईट असते, ३० टक्के मिळाली तरी बास, म्हणजे पॅनेलकडून साधारण १८० वॉट-तास. सीलिंग फॅन अडीच तास फिरला की एवढी वीज जाते. आणि ३ किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी १२ युनिट देतात, म्हणजे १२,००० वॉट-तास. १८० पाहिजेत आणि १२,००० विकत घेताय, त्यात तुम्ही ५ किलोवॉटचं विचारताय.

म्हणून माझं सगळ्या बागांना एकच सांगणं असतं की वीज साठवू नका, पाणी साठवा. वर १००० लिटरची टाकी ठेवा. पंप पॅनेलवर थेट चालू दे, ऊन आलं की चालेल, ढग आला की मंदावेल, पुन्हा ऊन आलं की पुन्हा चालेल, कुणाला घाई नाहीये. टाकी भरली की फ्लोट स्विच पंप बंद करेल. सकाळी ७ ला तुम्ही टाकीतलं पाणी वाफ्यांना सोडता, तेव्हा पॅनेलवर ऊन नसलं तरी फरक पडत नाही कारण पाणी कालच वर चढलेलं आहे. दुपारपर्यंत टाकी परत भरते, तेव्हा दुसरी पाळी, आणि संध्याकाळपर्यंत ती उद्यासाठी पुन्हा भरते. २००० लिटर रोज द्यायला २००० ची टाकी लागत नाही, १००० ची दोनदा भरते. आणि या सिस्टिममधे बॅटरीच नाही म्हणजे बदलायचीही नाही.

टाकी कुठे ठेवायची यात खरा खर्च आहे. १००० लिटर म्हणजे १ टन वजन, शिवाय बागेत लहान मुलं खेळणार, त्यामुळे गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून अंदाजपंचे अँगलचा स्टँड करून घेऊ नका, पाया आणि ब्रेसिंगसकट नीट डिझाइन करून घ्या. तुमचं क्लबहाऊस एकमजली असेल तर त्याच्या स्लॅबवर, कॉलम-बीमच्या वर टाकी ठेवता येते का हे सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारा. जमलं तर स्टँडचे वीस-तीस हजार वाचले आणि ४ मीटर उंची आयती मिळाली.

पंपाचं बघू. तुमची टाकी ३ मीटर खोल आहे म्हणजे वर ठेवलेला पंप सुद्धा सक्शन घेऊ शकतो, पण पाइपच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हमधे काडी अडकली की पंप हवा धरतो आणि मग प्रायमिंग करायला (पाणी ओतून हवा काढायला) माणूस शोधा. त्यापेक्षा २४ व्होल्टचा छोटा डीसी पाणबुडी पंप, ब्रशलेस, कंट्रोलरसकट, साधारण १०० वॉटच्या आसपासचा घ्या. १० मीटर हेडवर तो मिनिटाला १५-१८ लिटर देईल, तासाभरात टाकी भरते. कंट्रोलरला ड्राय रन प्रोटेक्शन हवंच, कारण उन्हाळ्यात जमिनीतली टाकी रिकामी होणार आणि कुणाच्या लक्षात येणार नाही. ऑनलाइन मिळणारे १२ व्होल्टचे डायफ्रॅम पंप, फवारणीच्या पंपात किंवा गाडी धुवायला असतात ते, मोह होईल इतके स्वस्त आहेत, पण ते रोज तास-दोन तास चालवण्यासाठी नसतात. कुंड्यांच्या गच्चीला ठीक, तुम्हाला नको.

पॅनेल एकच. ३३० वॉटच्या आसपासचा एक मोठा पॅनेल घ्या, गरजेपेक्षा बराच जास्त आहे पण १०० वॉटचे छोटे पॅनेल प्रति वॉट महाग पडतात, आणि जास्तीचा पॅनेल असला की ढगाळ दिवशी सुद्धा पंप हलतो. फक्त पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता मिळणारं) बघा, ४५ च्या वर असतं, हल्लीच्या ५४० वॉटच्या पॅनेलला ५० च्या जवळ जातं, तुमच्या पंपाचा कंट्रोलर तेवढं घेतो का हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. "२४ व्होल्टचा पॅनेल" असं सगळे म्हणतात पण त्यातून २४ व्होल्ट येत नाहीत, आणि थंडीत सकाळी व्होल्टेज अजून वाढतं, कंट्रोलर तेव्हाच उडतात.

आता केबल. इथे मला थोडं थांबायचंय कारण छोट्या सिस्टिम सगळ्यात जास्त इथेच मार खातात आणि शिव्या पॅनेलला बसतात. सिंहगड रोडच्या एका बागेत मला बोलावलं होतं, म्हणे पंप कमजोर आहे, बदलून द्या. पंप १२ व्होल्टचा, पॅनेलपासून ३० मीटर लांब, वायर घरातल्या प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची. पंप चालू असताना मीटर लावला, पॅनेलकडच्या टोकाला साडेबाराच्या पुढे आणि पंपाच्या टोकाला ९ च्या थोडं वर. साडेतीन व्होल्ट वायरमधेच गेले होते. हिशोब सरळ आहे, जाऊन-येऊन ६० मीटर वायर, तिचा रोध साधारण ०.४५ ओहम, करंट ८ अॅम्पियर, गुणाकार करा. तोच पंप २४ व्होल्टचा असता तर करंट ४ अॅम्पियर, नुकसान १.८ व्होल्ट, तेही २४ मधून. आणि ४ स्क्वेअर एमएमची सोलर डीसी केबल घेतली तर सव्वा व्होल्टच्या आत. त्या लोकांना पंप बदलायची गरज नव्हती, पॅनेल उचलून टाकीजवळ आणला, वायर ७-८ मीटरवर आली, पंप नव्यासारखा चालायला लागला. त्यामुळे तुम्हीही पॅनेल जमिनीतल्या टाकीच्या जितका जवळ येईल तितका आणा, फक्त सावली बघून.

सावलीचं लोक मे महिन्यात बघतात आणि फसतात. मेच्या मध्यात पुण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच येतो, कशाचीच सावली पडत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी सुद्धा ४८ अंशांवरच असतो, म्हणजे १० फुटी भिंतीची सावली भर दुपारी ९ फूट उत्तरेला पडते, आणि सकाळी ९ ला उंचीच्या दुपटीहून लांब. तुमच्या दक्षिणेला ११ मजली विंग असेल तर डिसेंबर-जानेवारीत बागेच्या मोठ्या भागावर ऊनच नसेल. (तसं असेल तर भाजीही येत नसणार, म्हणजे तुम्हाला ते माहीत असेलच.) पॅनेल दक्षिणेला तोंड करून साधारण १८-२० अंश कलता ठेवा, म्हणजे धूळही पावसाने धुऊन जाते. एका फांदीची किंवा डिशच्या खांबाची सावली जरी एका कोपऱ्यावर आली तरी तेवढ्या कोपऱ्यापुरतं नुकसान होत नाही, पॅनेलचा तिसरा हिस्सा किंवा जास्त बंद पडतो, म्हणून ९ ते ४ मधे स्वच्छ आकाश पाहिजे. पॅनेलसाठी सुबाभूळ छाटणं ठीक, पण मोठं झाड तोडायचा विचार कुणी मांडला तर हाणून पाडा, महापालिकेची परवानगी लागते ते वेगळंच.

स्ट्रक्चर बोल्टचं करा, पक्कं बांधकाम नको. सोसायटीची मोकळी जागा ओपन स्पेस म्हणून मंजूर असते, तिथे पक्कं काही बांधलं की उद्या कुणीतरी तक्रार करणारच. सिमेंटचे ब्लॉक पुरेसे जड घ्या, मे मधला वळीव पॅनेल उलटा करतो, पतंगासारखा उडालेला पॅनेल मी पाहिलाय. पॅनेल ८ फुटांवर घेतला तर खाली जागा वापरता येते, आणि हे मी खास सुचवेन. उन्हाळ्यात कोथिंबीर, मेथी, पालक उघड्यावर लगेच फुलावर येतात किंवा करपतात, पॅनेलच्या अर्धवट सावलीत बऱ्या टिकतात, शेतकरी याच कामासाठी हिरवी शेडनेट लावतात. टोमॅटो, वांगी, भेंडी मात्र तिथे लावू नका, नुसती उंच वाढतात.

वायरिंगमधे दोनच गोष्टींवर हटून बसा. पॅनेलच्या बाजूला डीसी एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच), घरातला एसी एमसीबी नाही. इलेक्ट्रिशियन म्हणेल "सगळा एकच असतो", नसतो. एसीमधे करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीमधे ती विझत नाही, एमसीबी आतून जळतो. दुसरं, स्ट्रक्चरला अर्थिंग, कारण हातात ओली पाइप घेऊन माणसं तिथेच उभी राहणार आहेत. एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरचे तयार जोड) कापून टेप गुंडाळलेला जोड दिसला की काम परत करायला लावा.

आता वाफ्यांपर्यंत. ठिबकवाला तुम्हाला नेहमीचा हिशोब सांगेल, तो १ किलो प्रेशर धरून असतो, म्हणजे १० मीटर उंची. तुमच्याकडे ४ मीटरच आहेत, त्यातही फिल्टर थोडी खातो. त्यामुळे ४ लिटरचा ड्रिपर तुम्हाला तासाला सव्वादोन ते अडीच लिटरच देईल. हरकत नाही, वेळ वाढवा, पण प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब बदलला तरी सारखं पाणी देणारे) घेऊ नका, त्यांना कमी प्रेशरवर नीट चालताच येत नाही. साधी इनलाइन (आतच ड्रिपर असलेली नळी) घ्या, लॅटरल म्हणजे वाफ्यातली प्रत्येक नळी १२-१५ मीटरपेक्षा लांब नको, मेन लाइन ३२ एमएम किंवा जाड, आणि बाग ४ भागांत वाटून प्रत्येकाला वेगळा कॉक. एका वेळी एकच भाग चालवायचा. एसटीपीचं पाणी आहे म्हणून डिस्क फिल्टर जरा मोठाच घ्या आणि आठवड्याला धुवा, नाहीतर महिन्यात ड्रिपर बुजतात. आणि विषय निघालाच आहे तर, एसटीपीच्या पाण्यावर कच्च्या खायच्या पालेभाज्या करू नका, निदान पाणी पानांवर जाऊ देऊ नका. सोलरशी संबंध नाही याचा, पण सांगायला पाहिजे.

पावसाळ्यात सोलरचं काय, हेही तुम्ही विचारलंय. जुलै-ऑगस्टमधे पॅनेल उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास येतात, सलग झड लागली तर त्याहून खाली. पण तेव्हा तुम्हाला पाणी घालायचंच नसतं. बागेच्या पंपाला सोलर इतकं जुळतं त्याचं कारणच हे, ऊन जास्त तेव्हाच तहान जास्त. लोकांना उलट हे आश्चर्य वाटतं की एप्रिलच्या दुपारी पॅनेल स्टिकरवरचे वॉट देत नाही. काच ६०-६५ अंशांपर्यंत तापते, २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमी होतं, म्हणजे १२-१५ टक्के गेले, वर मार्च-मे ची धूळ. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याचा पाइप मारू नका.

राहिले दिवे आणि श्रेडर. दिव्यांना बॅटरी लागणार, पण ती पंपाच्या सिस्टिमशी जोडू नका, वेगळी ठेवा. ५ वॉटचे ४ एलईडी ४ तास म्हणजे ८० वॉट-तास, एक ५० वॉटचा पॅनेल आणि १२.८ व्होल्ट २० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी यात दोन ढगाळ दिवस सुद्धा निघतात. खांबावरचे ऑल-इन-वन दिवे पण चालतील, सेन्सरवाले घ्या, फक्त स्वस्तातल्यांची बॅटरी दोन पावसाळ्यांत जाते. खरं विचाराल तर भाजीबागेत रात्रभर उजेड नकोच, वाटेवर दोन दिवे पुरेत, बाकी किडे गोळा होतात. श्रेडरसाठी सोलर मोठं करणं तर अजिबात नाही. महिन्यातून दोनदा तासभर चालणाऱ्या यंत्रासाठी लाखभर घालण्यापेक्षा फांद्या क्लबहाऊसच्या प्लगपाशी न्या.

सबसिडीचं सगळे विचारतात. पीएम सूर्यघर मधे सोसायट्यांना कॉमन सोयींसाठी किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात, पण ते ग्रीडला जोडलेल्या रूफटॉपला, बागेतल्या स्वतंत्र पंपाला नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधे १० टक्के भरून पंप मिळतो हे खरं, पण ती योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्याची, ३ एचपीपासून पुढची. कुणी एजंट "बागेला पण करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून पाठवा. बिलात जीएसटी मात्र तपासा, सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवर १२ चा ५ टक्के झालाय, जुन्या कोटेशनमधे जुनाच दर असू शकतो.

माझ्या अंदाजाने पॅनेल, पंप, कंट्रोलर, केबल, टाकी, ठिबक आणि फिल्टर धरून ६०-७० हजारांत व्हायला हवं, स्टँड करावा लागला तर लाखाच्या आतबाहेर. भाव गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे हे आकडे व्हेंडरच्या तोंडावर मारायला वापरू नका, कोटेशन ताडून बघायला वापरा. उरलेल्या पैशातले पंधरा हजार बाजूला काढून बागेच्या नावाने ठेवा, पंप ४-५ वर्षांनी जाणारच आहे. आणि कॉक कुणी कधी उघडायचे, फिल्टर कुणी धुवायचा, कंट्रोलरच्या पेटीची किल्ली कुणाकडे, हे तीन प्रश्न पॅनेल यायच्या आधी ठरवून कमिटीच्या मिनिट्समधे लिहून घ्या, पॅनेलला अँटी-थेफ्ट नट लावा.

व्हेंडरला परत बोलवाल तेव्हा त्याला किलोवॉट सांगूच नका. "रोज २००० लिटर, १० मीटर हेड, बॅटरीशिवाय, ९ ते ४ मधे" एवढं लिहून द्या आणि त्यावर कोटेशन मागा. त्याआधी टाकीच्या तळापासून क्लबहाऊसच्या स्लॅबपर्यंत टेप लावून उंची मोजा, आणि पॅनेलच्या जागेचे सकाळी ९ आणि दुपारी साडेतीनचे फोटो काढा. ती उंची, मीटरपासूनचं अंतर आणि ते फोटो मला पाठवलेत तर पंपाचा नेमका साइज सांगतो.